कमरेचं माप

“उंची आणि पायाची लांबी म्हणजे सख्खी भावंडं, वहिनी. एकाला पाहिलं की दुसरं ओळखता येतं.” मास्तर मांडीवर कापड पसरून मला सांगत होते. “मान आणि कंबर चुलत. मानेवरून कंबर सांगितली तर बऱ्याचदा जमतं, कधीकधी तोंडघशी पडतो. आणि उंचीवरून कंबर? छे! ते नुसते शेजारी. असली तर ओळख, नाही तर नाही.”

त्यांच्या शिलाईच्या दुकानाला लागूनच माझं इस्त्रीचं दुकान. बायको गेल्यापासून मास्तर दिवसभर बोलत असतात, कधी माझ्याशी, कधी मशीनशी. मला वैताग येतो. पण ते गप्प बसले की जीव जास्त घाबरा होतो.

त्यांचा मुलगा येणार होता, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बापलेकांचं कशावरून बिनसलं होतं ते मी कधी विचारलं नाही. मास्तरांना त्याच्यासाठी पँट शिवायची होती आणि माप नव्हतं.

“मग फोन करा की!”

“विचारलं तर नकोच म्हणेल.”

उंची त्यांना ठाऊक होती, तेव्हा लांबीची चिंता नव्हती. मानेसाठी मोबाइलवरचा त्याचा फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. त्यावरून कंबर काढली, खडूची रेघ मारली. मग थोडं थांबून ती पुसली आणि आणखी बाहेर मारली.

“अहो मास्तर, ढगळ होईल की!”

“झाली तर बरंच.” त्यांनी वर पाहिलं नाही. “माप द्यायला उभा तरी राहील माझ्यापुढे. नाहीतर एवढा जवळ कशाला येतोय तो?”

मी इस्त्री फिरवत राहिले.

मुलगा आला तो खांद्यावरची बॅग न उतरवताच. “बाबा, गाडी उभी आहे बाहेर.” तरी पडद्याआड जाऊन पँट घालून आला. लांबी अशी नेमकी, की बुटावर जिथल्या तिथे टेकली. कमरेत मात्र मूठ जाईल एवढी सैल.

मास्तरांचा चेहरा असा काही उजळला! टेप दोन्ही हातांत धरून ते पुढे झाले. “ये, असा उभा राहा. हात जरा वर घे.”

मुलाने कमरेपाशी कापड मुठीत धरलं होतं. त्याने टेपकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मला वाटलं, आता येतो पुढे. ये रे बाबा, काय जातंय तुझं!

“राहू द्या, बाबा. बेल्ट लावीन मी.”

आत जाऊन त्याने कपडे बदलले, पँट बॅगेत कोंबली आणि ‘येतो’ म्हणून निघून गेला. बाहेर गाडीचं दार लागलं.

मला असा संताप आला! “अहो, थांबवायचं तरी! तुम्ही पण ना, मास्तर, अगदी हे आहात!”

त्यांनी टेप हळूहळू गुंडाळली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“बेल्ट लावीन म्हणाला, वहिनी,” ते म्हणाले. “म्हणजे घालेल.”