हेडमास्तरांचा चेहरा

बूट

"बुटांपासून सुरू करतेस?" रॉडनीने विचारलं.

"खालूनच सुरू करायचं असतं, रॉडनी. कौलं घालतात तशी पाकळीवर पाकळी. वरून लावत आलं की पावसाचं पाणी आत शिरतं. का, तुझ्या बाबांसाठी उलटं करायचं?"

कोठारातल्या बायका हसल्या. रॉडनी ऑलरनशॉही हसला. उत्सव समितीचा अध्यक्ष झाल्यापासून तो सगळ्यांच्याच विनोदांना हसत असे.

चौकट आडवी ठेवलेली होती, दोन दारांएवढी. तिच्यात ओली चिकणमाती थापलेली, आणि मातीवर टाचणीने टोचून उतरवलेलं चित्र. दर उन्हाळ्यात ऑल्डवेल गाव आपल्या झऱ्यांपुढे अशी फुलापाकळ्यांची चित्रं उभी करतं. पाद्री येऊन आशीर्वाद देतात, बँड वाजतो, आठवडाभर बाहेरगावचे लोक बघून जातात. यंदाचा विषय होता 'आमचं बालपण'. चित्र रॉडनीने निवडलेलं: गावच्या शाळेचे जुने हेडमास्तर, म्हणजे त्याचे वडील, ताठ उभे, त्यांचा हात एका लहान मुलाच्या खांद्यावर.

एनिड फर्निस ओढ्याकाठची वाळकी काळी बोंडं एकेक करून हेडमास्तरांच्या बुटांत दाबत होती. वय ऐंशीला टेकलेलं. त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उमेदीची सगळी वर्षं पोरांना उकडलेले बटाटे आणि कस्टर्ड वाढण्यात घालवली होती. पण उत्सव आला की गावात तिच्या बोटांना मान होता. संत असो, राणी असो, चेहरा लावावा तो एनिडनेच.

"बूट झकास झालेत," रॉडनी म्हणाला. "बाबा रोज सकाळी पॉलिश करायचे."

"तुझेही चकचकीत असायचे. चिखल लागलेले मी एकदाच पाहिले."

रॉडनीला अचानक दुसऱ्या टोकाला काहीतरी बघायचं होतं. तो तिकडे गेला.

हात

एनिड दहा वर्षांची होती तेव्हा उत्सवातल्या मुलांच्या चौकटीसाठी शाळेत चित्रं मागवली. तिच्या धाकट्या भावाचं, क्लिफर्डचं, चित्र निवडलं गेलं. हेडमास्तरांच्या मुलाचं, रॉडनीचं, नाही.

क्लिफर्ड डावखुरा होता. हेडमास्तर म्हणाले, हेच चित्र उजव्या हाताने पुन्हा काढ. तो नाही म्हणाला. सगळ्या वर्गादेखत.

आशीर्वादाच्या आदल्या संध्याकाळी गाव चहाला बसलेलं असताना मुलांची चौकट कोणीतरी तुडवली. एनिड चॅपलमागे शेवाळ गोळा करत होती. तिने रॉडनीला ओढ्यात बूट धुताना पाहिलं. बुटांना निळ्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या.

तिने जाऊन हेडमास्तरांना सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं. उठून दार लावलं. मग म्हणाले, "हात पुढे कर."

पुढचं गावाला माहीत आहे, म्हणजे गावाला सांगितलं गेलं तसं. क्लिफर्डने रागाच्या भरात स्वतःचंच चित्र तुडवलं. दुसऱ्या दिवशी त्याला रिकाम्या चौकटीशेजारी उभं केलं आणि मिरवणूक त्याच्यासमोरून नेली. नंतर त्याला बिघडलेल्या मुलांच्या शाळेत पाठवलं, खूप लांब. परत आला तेव्हा तो उजव्या हाताने लिहीत होता. जन्मभर त्याने खाणीत दगड फोडले. लग्न केलं नाही. एनिडच्या घरी, मागच्या खोलीत राहिला. गेल्या फेब्रुवारीत वारला. समितीतर्फे रॉडनीने दुकानातलं पुष्पचक्र पाठवलं, आणि महिन्याभराने विषय आला: आमचं बालपण.

"चेहरा लावशील ना, एनिड?"

"लावते की," एनिड म्हणाली होती.

चेहरा

"रानगुलाब?" मॉरीन म्हणाली. मॉरीन शेजारच्याच घरात राहणारी, एनिडकडूनच हे काम शिकलेली. "अगं, गालांना हायड्रेंजिया लावतात. तुझ्या अंगणात झुडूप भरलंय."

"भरलंय."

"मग?"

"रंग बघ ना. हुबेहूब हेडमास्तरांचा गाल. जेवल्यानंतरचा."

"रंग बघतेय. आणि तू पाकळ्या चिमटीत चुरडतेयस तेही बघतेय." मॉरीनने आवाज खाली आणला. "एनिड, चुरडलेला रानगुलाब काळा पडायला दोन दिवसही घेत नाही. तूच शिकवलंस मला."

"म्हणजे शिकलीस."

 मॉरीनचे वडील क्लिफर्डबरोबर खाणीत होते. एकदा त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं, की जेवणाच्या सुट्टीत क्लिफर्ड दगडावर खडूने काहीतरी काढत होता आणि कोणी जवळ आलं की बुटाने पुसत होता.

ती उठली. रानगुलाबाची टोपली उचलून तिने एनिडच्या हाताशी ठेवली आणि कोठाराच्या दाराकडे पाठ करून अशी बसली, की तिकडून येणाऱ्याला आधी तिची पाठ दिसावी.

"कपाळही याचंच?"

"कपाळही."

"आणि हा मुलगा? खांद्यावर हात ठेवलेला?"

"तो कोण म्हणे?"

"रॉडनी म्हणाला, कोणीही. असाच एक मुलगा."

"मग त्याला हायड्रेंजिया," एनिड म्हणाली. "चांगली घट्ट लाव. टिकायला हवा."

आकाश

आशीर्वादाच्या दिवशी, शनिवारी सकाळी, रॉडनी एनिडच्या घरी मागच्या दाराने आला. अंगात सूट, कोटाला फूल.

"एनिड, बाबांच्या चेहऱ्याला काहीतरी झालंय."

"काय झालंय?"

"कडा करपल्यात. एक गाल तर... वेळ आहे अजून. झुडपाची फुलं तोड आणि चल. तुझा हात फिरला की होऊन जाईल."

"येते की."

"देव तुझं भलं करो."

"पण एक काम कर. पाद्रींनंतर तू बोलणार आहेस ना? तेव्हा सांगून टाक, त्या वर्षी मुलांची चौकट कोणी तुडवली ते."

रॉडनी किटलीकडे बघत राहिला. कुठली चौकट, असं त्याने विचारलं नाही.

"इतक्या वर्षांनी?"

"मला घाई नव्हती."

"क्लिफर्ड गेला, एनिड. आता त्याला काय उपयोग?"

"त्याला नाही. मला ऐकायचंय. मॉरीनला ऐकायचंय. बँडवाल्यांनाही ऐकू दे, तेव्हा त्यांचेच बाप वाजवत होते."

"बाबा नाहीत आता स्वतःची बाजू मांडायला."

"क्लिफर्डची कोणी मांडली?"

त्याने खुर्चीची पाठ धरली. "तुला एकटीला सांगतो. आत्ता, इथे. मीच..."

"मला माहीत आहे, रॉडनी. मी तिथेच होते."

 त्याचं लक्ष ओट्यावरच्या टोपलीकडे गेलं. तळाशी दोन-चार पाकळ्या राहिल्या होत्या, कडेने तांबूस-काळ्या.

"मुद्दाम लावलेस तू गुलाब."

"हो."

एनिडने त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

दुपारी झऱ्यापुढे रॉडनी बोलला, ते माइकवरून असं ऐकू आलं:

"माझे वडील..."

(चेहऱ्याला काय झालंय हो?)

"...या गावाच्या तीन पिढ्या ज्यांच्या हाताखालून गेल्या..."

(ऊन लागलं असेल.)

(शेजारच्या पोराला नाही लागलं ते. बघ कसा ताजा आहे.)

"...ज्यांनी आम्हाला शिस्त दिली, आणि शिस्तीहूनही मोठं म्हणजे..."

इथे तो थांबला. गर्दीच्या दुसऱ्या रांगेत एनिड उभी होती, निळी टोपी घालून. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिनेही नजर हलवली नाही. कुठेतरी एक लहान मूल आइस्क्रीम मागत होतं. त्याच्या तोंडून ते निघेल असं एक क्षण वाटलं, मॉरीनने तर एनिडचा दंड धरला.

"...खरेपणा," रॉडनी म्हणाला.

बँड सुरू झाला.

सोमवारपर्यंत गाल काळ्या चहाच्या रंगाचे झाले. बुधवारी नाक गळून पडलं. पोरांनी त्याला कुजका मास्तर नाव ठेवलं आणि बाहेरगावचे लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. चित्र झाकावं असं समितीत कोणी सुचवलं, तर दुसरा म्हणाला, अध्यक्षांनी स्वतः निवडलेलं झाकायचं कसं? रॉडनी त्या आठवड्यात चॅपलच्या मागच्या वाटेने दुकानात जात होता.

एनिड रोज झऱ्याशी जाऊन उभी राहायची. घरी यायची, आणि मग तिला राग यायचा. तिच्या मनात होतं ते क्लिफर्डला दाखवायचं. उत्सवाच्या आठवड्यात तो मागच्या खोलीचा पडदा कधी उघडत नसे, रेडिओ मोठा करून बसायचा. यंदा तिने त्याला दंडाला धरून ओढत आणलं असतं. तो काही बोलला नसता. हसला असता का, हे तिला ठरवता येईना, आणि विचारायलाही कोणी नव्हतं. थोडक्यात चुकलं होतं सगळं, एका हिवाळ्याने. त्याचा दोष कोणावर ठेवावा, तेही तिने शोधून पाहिलं. शेवटी तोही तिने रॉडनीच्याच खात्यात टाकला.

बादली

आठवडा झाला की चौकट उतरवून माती खरवडतात. माती फेकत नाहीत. तिच्यातल्या पाकळ्या आणि बोंडं वेचून काढतात आणि ती पुढच्या वर्षासाठी ओली राखून ठेवतात. हे किचकट काम दर वर्षी एनिडचं.

ती पोहोचली तेव्हा रॉडनी एकटाच होता. बाकीच्यांना त्याने चहाला पाठवलं होतं. बूट, कोट, तो मुलगा, वरचं आकाश, सगळं खरवडून झालं होतं. चेहरा तेवढा राहिला होता.

"मी नऊ वर्षांचा होतो, एनिड."

"क्लिफर्ड आठ."

त्याने खरवडणं पुढे चालू ठेवलं. चेहरा एकसंध सुटला नाही, तुकड्यांनी सुटला आणि बादलीत पडला. कपाळाचं काही, हनुवटीचं काही. मग लाकूड दिसायला लागलं.

नेहमीप्रमाणे त्याने बादली पायाने एनिडकडे सरकवली. एनिडने ती पायानेच परत सरकवली.

"वेचून काढ. माती पुढच्या वर्षी लागेल."

"मला जवळचं नीट दिसत नाही."

"चष्मा लाव."

रॉडनीने रस्त्याकडे पाहिलं. चहाहून परतणारी माणसं चढावर दिसायला लागली होती. त्याने चष्मा लावला, झऱ्याच्या बुटक्या भिंतीवर बसला, गुडघ्यावर रुमाल पसरला आणि बादलीत हात घातला. पाकळ्या आता पाकळ्या राहिल्या नव्हत्या. बोटात धरली की विरघळायची, काळपट ओली, आणि अर्धी मातीतच राहायची.

माणसं आली आणि जरा अंतरावर थांबली. अध्यक्षांना हे काम करताना कोणी पाहिलं नव्हतं.  मॉरीनने एनिडसाठी कप आणला होता.

"बसतेस?"

"नको."

एनिडने चहा उभ्यानेच प्यायला. बऱ्याच वेळाने रॉडनीने बादली उचलून तिच्यापुढे धरली. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत मातीने भरल्या होत्या. तिने कप मॉरीनकडे दिला, दोन बोटांनी माती उलटीपालटी केली, खालून पाकळीचं एक काळं टोक वर काढलं आणि त्याच्या चष्म्यासमोर धरलं.

"अजून आहेत," ती म्हणाली.

रॉडनीने बादली पुन्हा मांडीवर घेतली.