पलीकडची आत्या

छकुली चाळिशीला टेकली होती, तरी घरात ती छकुलीच होती. ऑफिसात मात्र तिला मॅडम म्हणत. नगरपालिकेच्या रस्ते विभागात आराखडे करायचं काम तिच्याकडे होतं. फुटपाथ किती रुंद ठेवायचा, बस कुठे थांबणार, झाडाला आळं कुठे सोडायचं, चौकात आधी कुणी जायचं आणि मग कुणी, हे सगळं ती आधी कागदावर पेन्सिलीने काढी आणि मग कॉम्प्युटरवर चढवी. दुपारी ऑफिस पेंगुळलं की त्या आखलेल्या रस्त्यांवर तिला माणसं चालताना दिसत. कुणी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतंय, कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलंय. मग ती पेन्सिल खाली ठेवी आणि त्यांना जाऊ देई. "लागली मॅडमची तंद्री," शेजारच्या टेबलावरचे वयस्क कारकून म्हणत, आणि कागद उडू नयेत म्हणून पंखा हळू करत.

त्या वर्षी तिच्या टेबलावर आला तो तिच्याच घरासमोरचा रस्ता.

हा रस्ता मुळात गल्लीएवढा होता. छकुलीच्या वडिलांनी रस्त्याच्या या बाजूला घर घेतलं, तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीने हट्ट धरून बरोबर समोरचं घर घेतलं. नणंद-भावजय आपापल्या फाटकात उभ्या राहून भाजी निवडता निवडता गप्पा मारायच्या, आवाज चढवायची गरज पडत नसे. मग उपनगर अंगापिंडाने भरू लागलं. आधी एका बाजूची झाडं गेली, मग दुसऱ्या बाजूची. फाटकं मागे सरकली, अंगणं आखडली आणि मधली गल्ली वाढत वाढत चार पदरी झाली. पुढे वडील गेले, आत्याचे यजमानही गेले. दोन काठांना दोघी तेवढ्या उरल्या.

एकदा आई धीर करून निघाली होती, पण मधोमध पोचल्यावर दोन्ही बाजूंनी टँकर आले. वाऱ्याने तिची शाल उडाली आणि ती आहे तिथे खांबासारखी उभी राहिली. कुणीतरी हात धरून तिला परत आणलं. तेव्हापासून ती बसने सिग्नलपर्यंत जाई, तिथे रस्ता ओलांडी आणि दुसऱ्या बसने उलट येई. "समोरच्या घरी जायला दोन बस," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "माणसं परदेशात यापेक्षा सरळ जात असतील." मग आत्याच्या गुडघ्यांनी संप केला, आईचाही उत्साह मावळला, आणि रोज दुपारी दोघी आपापल्या खिडकीत फोन कानाला लावून उभ्या राहू लागल्या.

"दिसतेय का मी?"

"दिसतेस. शाल नीट घे, एक टोक लोंबतंय."

मधून ट्रक गेला की दोघीही बोलायच्या थांबत, जसा काही तो फोनच्या तारेवरूनच चालला आहे. गेला की पुढचं वाक्य.

नव्या आराखड्यात रस्ता थोडा अरुंद करायचा होता, म्हणजे गाड्यांचा वेग आपोआप कमी होईल. कडेने सायकलींसाठी पट्टा, नवी झाडं, आणि एका ठिकाणी पायी ओलांडायची सोय. तिथे झेब्रा पट्टे आणि मध्ये एक छोटं बेट, म्हणजे अर्धा रस्ता ओलांडून माणसाला श्वास घेता यावा. अशी सोय एकच होणार होती. ती आपल्या दारासमोर होणार हे आईने गृहीतच धरलं होतं. पोरगी नगरपालिकेत कशाला आहे मग?

छकुली रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी परतताना रस्त्याकडे बघत उभी राही. लोक वळणावर, दवाखान्यापाशी ओलांडत होते. खांद्यावर तापलेलं मूल घेऊन बाया ओलांडत. एक्स-रेची मोठी पाकिटं डोक्यावर धरून म्हातारे ओलांडत. कॉलेजच्या मुली एकमेकींचे हात धरून, हसत आणि घाबरत, पळत सुटत. तिच्या घरासमोर मात्र कुणी म्हणता कुणी ओलांडत नव्हतं. तिथे पलीकडे होतंच काय? एक आत्या.

एकदा तिने बेट आपल्या दारासमोर काढून पाहिलं. ते छान दिसलं. त्यावर दोन बारीक बायका उभ्या असलेल्याही तिला दिसल्या. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने खोडरबर घेतला.

रात्रीच्या जेवणाला तिने आईला सांगून टाकलं.

"वळणावर?" आईचा घास हातातच राहिला. "दवाखान्यापाशी?"

"लोक तिथे ओलांडतात, आई."

"आणि आम्ही कोण?"

छकुलीने तिच्या ताटात पोळी वाढली. आई म्हणाली, "लोक स्वतःच्या पोळीवर तूप ओढतात. आमच्या घरात एक जन्माला आलीय, ती ताटच पलीकडे सरकवते." आणि पाण्याचा पेला उचलून ती स्वयंपाकघरात गेली. पुढचे काही दिवस आई तिच्याशी कामापुरतंच बोलली. डबा भरलाय, किल्ली घे, एवढंच.

आत्याचा फोन आला तो हसत. "जाऊ दे गं छकुले. तुझी आई भेटली की भांडते. लांबून माणूस गोड वाटतो." मग ती थोडी थांबली. मध्ये ट्रक वगैरे काही नव्हता. "वळण तसं लांब आहे गं माझ्या गुडघ्यांना. तेवढंच."

ते "तेवढंच" छकुलीला दिवसभर टोचत राहिलं. पण रेघ तिने हलवली नाही.

साहेब सावध गृहस्थ होते. त्यांनी ठरवलं की आधी सगळं नुसतं रंगाने आणि कुंड्यांनी करून बघायचं, लोकांना मानवलं तर मग सिमेंट. पट्टे मारण्यासाठी एका रविवारी पहाटेपासून दुपारपर्यंत रस्ता दोन्हीकडून बंद झाला.

त्या पहाटे धुकं होतं. छकुली मुकादमाबरोबर रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि तिला आपल्याच चपलांचा आवाज येत होता. हा रस्ता इतका गप्प तिने कधी ऐकला नव्हता. रंगाची गाडी वळणाकडे मुंगीच्या पावलांनी चालली होती आणि तिच्यामागे पांढरी रेघ ओली ओली उमटत होती. दुकानांच्या पाट्या धुक्यात अर्ध्याच दिसत होत्या. कुणाच्या तरी घरात चमचा पडला, तो अख्ख्या रस्त्याला ऐकू आला. एक कुत्रं आलं, मधोमध बसलं, मान खाजवली आणि तिथेच अंग टाकून झोपलं.

"मॅडम, ते पाहिलंत का?" मुकादम हळूच म्हणाला.

आई फाटकात उभी होती. घरातल्या सपाता, अंगावर शाल. शांततेनेच तिला जाग आली असणार. समोर धुक्यात आत्याचंही फाटक करकरलं. दोघी आपापल्या फुटपाथच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या, पाण्यात उतरावं की नाही अशा. आईने सवयीने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे बघितलं. कुणीच येत नव्हतं. तिने एक पाऊल खाली टाकलं.

छकुली जागची हलली नाही. हलली असती तर काहीतरी मोडलं असतं, असं तिला वाटलं. आत्या काठी टेकत, एक पाय जपत येत होती. आई तिला यायला वेळ मिळावा म्हणून चालता चालता रेंगाळत होती आणि आपण रेंगाळतोय हे दिसू नये म्हणून इकडेतिकडे बघत होती. मध्यावर दोघी समोरासमोर आल्या.

"जवळून म्हातारी दिसतेस," आत्या म्हणाली.

"तुम्ही लांबूनही दिसता, वन्सं," आई म्हणाली.

मग आईने तिचा हात धरला तो सोडलाच नाही. मुकादमाने गाडीतून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्या, आणि दोघी रस्त्याच्या ऐन मध्यावर बसल्या. जरा वेळाने शेजारी येऊ लागले. कुणी चहाचा कप घेऊन, कुणी नुसतेच हात मागे बांधून. सायकली आल्या. बँकेतून निवृत्त झालेले कोपऱ्यावरचे गृहस्थ, जे कधी कुणाशी बोलत नसत, ते डांबरावर पाठ टेकून पडले आणि आकाशाकडे बघत राहिले. लोक हळू आवाजात बोलत होते, झोपलेल्या माणसाच्या खोलीत बोलतात तसे.

"छकुले, इकडे ये," आत्याने हाक मारली. "तुला ठाऊक आहे का, तू इथे झोपायचीस?"

"कुठे?"

"इथेच. या जागेवर. तू तान्ही असताना घरात डोळा मिटायची नाहीस. मग तुझा बाप तुला खांद्यावर टाकून संध्याकाळी गल्लीत यायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायचा. मी म्हणायचे, अरे, आत झोपव पोरीला. तर म्हणायचा, ताई, हिला रस्त्यावरच झोप लागते, मी तरी काय करू?"

"मला कधी सांगितलं नाहीस," छकुली आईकडे वळून म्हणाली.

"रोजचंच होतं ते," आई म्हणाली. "रोजच्या गोष्टी कोण सांगतं?" या दिवसांत तिने लेकीशी बोललेलं हे पहिलं बिनकामाचं वाक्य होतं.

छकुली त्या दोघींच्या मध्ये खाली बसली. डांबर थंड होतं. या जागेची लांबी, रुंदी, उतार, खालून गेलेला पाइप, सगळं तिला माहीत होतं. आता वडिलांची पावलंही तिला ऐकू येतील असं वाटलं, आणि ती ऐकत राहिली.

ऊन वर आलं, धुकं विरलं, रंग वाळला. मुकादम अडथळे काढायला निघाला तशी माणसं नाइलाजाने उठली, खुर्च्या गाडीत गेल्या. आत्याला घरापर्यंत सोडायला म्हणून आई तिच्याबरोबर पलीकडे गेली. ती फाटकाशी वळली, तोवर पहिली बस येऊनसुद्धा गेली होती. तिच्यामागे गाड्यांची रांगच लागली.

थोड्या वेळाने फोन आला. "छकुले, मी पलीकडेच अडकले."

"मी येते न्यायला."

"नको. आज राहते." मागून आत्याचा आवाज आला, राहू दे, राहू दे. "भाजी गॅसवर ठेवून तंद्रीत जाऊ नकोस, एवढं कर."

आई तिथे एक दिवस राहिली, मग आणखी एक. छकुलीला संध्याकाळी समोरच्या खिडकीत एकाऐवजी दोन डोकी दिसू लागली. एकीकडे रंगवलेल्या रस्त्याची परीक्षा चालली होती. दुकानदार कुरकुरले, गाड्या लावायला जागा नाही म्हणून. कुणी रात्रीतून दोन कुंड्या पळवल्या. पण गाड्या खरोखरच सावकाश जाऊ लागल्या, आणि वळणावर बाया मूल खांद्यावर घेऊन चालत ओलांडू लागल्या. पळणं थांबलं.

आठवडा संपता संपता छकुली वळणावर नोंदी घेत उभी असताना पलीकडून आई आणि आत्या येताना दिसल्या. वाटेत दवाखान्याच्या पायरीवर आत्याने विसावा घेतला होता. तरी ती आली. पट्ट्यांपाशी पोचताच एक गाडी थांबली, तिच्यामागे दुसरी. दोघी बेटापर्यंत आल्या आणि तिथे उभ्या राहून बोलूच लागल्या. दोन्हीकडच्या गाड्या त्यांच्यासाठी थांबून राहिल्या. शेवटी आईच्या लक्षात आलं. तिने हात हलवला. "जा, जा तुम्ही. आमचं चाललंय अजून."

गाड्या गेल्या. वाऱ्याने दोघींच्या शाली हलल्या, पण उडाल्या नाहीत.

"बरं आहे हे," आई अलीकडे आल्यावर म्हणाली. "लांब आहे, पण बरं आहे." आणि मग, जसं काही दूध नासलंय हे सांगावं, तशा सुरात म्हणाली, "माझे कपडे भरून ठेव. मी यांच्याकडेच राहणार आहे आता."

"म्हणजे? किती दिवस?"

"जमेल तोवर. रात्री उठताना त्यांना आधार लागतो, आणि मला बोलायला माणूस लागतं. तुझं काय, तू घरी आलीस तरी रस्त्यावरच असतेस."

"इतक्या वर्षांनी नणंदेकडे नांदायला निघालीय," आत्या म्हणाली. "छळणार आहे मी."

छकुलीला हसू आलं. सोय झाली होती ती लोकांना ओलांडता यावं म्हणून, आणि त्या सोयीने तिची आईच पलीकडे नेली. यात चूक कुणाची आणि भलं कुणाचं, हे तिला उमगेना. तिने मुकाट्याने कपडे भरले.

पुढे सिमेंटचं काम झालं. सायकलींचा पट्टा सभेत गळाला, दुकानदारांची जीत झाली. ते तिला फार लागलं. झाडं निम्मी लागली. बेट मात्र राहिलं, त्याच्या कडेला दगड बसले.

आता छकुली ऑफिसातून आली की पिशवी ठेवते, तोंड धुते आणि वळणाकडे चालू लागते. पट्ट्यांवर पाय ठेवला की गाड्या थांबतात. कधी बेटावर एखादी अनोळखी बाई बाळाला घेऊन उभी असते, त्या एकमेकींकडे बघून मान हलवतात. उशिराचं मऊ ऊन रस्त्याच्या लांबीवर पसरलेलं असतं, आणि दूरवर बस वितळल्यासारखी दिसते. ती पलीकडे पोचते तेव्हा आत्याच्या स्वयंपाकघरात मिठावरून वाद चाललेला असतो.

"तूच चाखून सांग," दोघी एकदम म्हणतात, आणि दोन चमचे तिच्यापुढे येतात.