खुंटीवरचा सत्तावीस नंबर

मित्रांनो, बशीत मावेन एवढा गोल, वर एक भोक आणि पोटावर ठोकून काढलेला सत्तावीस हा आकडा, असा मी पितळेचा एक जुना बिल्ला आहे. शहराच्या गटार खात्याच्या कारखान्यात एका कारागिराने मला पत्र्यातून कापले, कानशीने माझी धार घासली आणि "जा बाबा, कुणाच्या तरी नशिबी," म्हणत पेटीत टाकले. मी आलो शिडीच्या नशिबी.

शिडी हे माझ्या माणसाचे टोपणनाव. तो इतका उंच होता की गटारात उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या त्याला लागतच नसत. गटार साफ करणे हे त्याचे काम आणि तो खाली असेपर्यंत वर लटकत राहणे हे माझे.

तुमच्या घरातले सांडपाणी ज्या मोठ्या वाहिनीत जाते, तिच्या तोंडाशी एक खोली होती आणि खोलीत एक चाक आणि खुंट्यांची एक फळी होती. चाक फिरवले की जमिनीखालचे लोखंडी दार बंद होई आणि पाणी मागे तुंबून राही. पुढची वाहिनी रिकामी झाली की माणसे आत उतरत. काम संपले की चाक उलटे फिरवायचे. मग ते तुंबलेले पाणी असे सुटे की वाटेत म्हैस असती तरी वाहून गेली असती.

भिंतीवर तेलरंगात नियम लिहिले होते. काही तुमच्यासाठी होते: गटारात तेल ओतू नये, चिंध्या टाकू नयेत. काही आमच्यासाठी: उतरण्याआधी झाकणे तासभर उघडी ठेवावीत. एका बिल्ल्यावर एकच माणूस उतरावा. उतरताना बिल्ला ज्याचा त्यानेच खुंटीवर लावावा आणि वर आल्यावर त्यानेच काढावा. खुंटीवर एक जरी बिल्ला असला तरी दार उघडू नये. तुमचे नियम तुम्ही वाचत नाही, हे वर आलेल्या माणसांच्या कपड्यांवरून मला रोज कळे.

संध्याकाळी मी शिडीच्या खिशातून घरी जाई. त्याची लेक मला पाटीवर ठेवून माझ्याभोवती पेन्सिलीने गोल काढी, गोलाला डोळे-नाक काढी आणि हसत सुटे. तेवढेच काय ते माझे सुख. दिवस मात्र खुंटीवर जाई. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला कधीच झाली नाही. खालून आवाज येत नसे. तो ठीक आहे की नाही, हे मला सांगणारे कोणी नसे. त्याचा हात मला काढायला येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसे.

चाकावर आत्या असे. ती कुणाची आत्या होती कोण जाणे, पण सगळे खाते तिला आत्याच म्हणे. ती शब्दाला पक्की आणि स्वभावाला तिखट होती.

आता त्या दिवसाचे सांगतो. शिडीच्या मेहुण्याला खात्यात नुकतेच काम मिळाले होते, पण त्याचा बिल्ला अजून तयार झाला नव्हता. "आजच्या दिवस माझ्याच बिल्ल्यावर चल," शिडी म्हणाला. "शिकशील तरी." मुकादम अजून यायचा होता आणि आत्या फोनवर झाकणे उघडल्याची वर्दी देत होती. शिडीने मला खुंटीवर अडकवले आणि दोघे उतरले. ते पाहिले फक्त मी. पण मला तोंड कुठे आहे?

दुपारी एकेक बिल्ला निघत गेला. शेजारच्या सगळ्या खुंट्या रिकाम्या झाल्या आणि फळीवर मी एकटा उरलो. दोन वाजता मुकादम आला. "आत्या, उघडा दार. पाणी धोक्याच्या खुणेच्या वर गेलंय."

"सत्तावीस खाली आहे," आत्या म्हणाली.

"अहो, तो केव्हाच घरी गेला! पोरीच्या हातावर गरम पाणी सांडलं म्हणून शेजारी बोलवायला आला होता. पलीकडच्या झाकणातून तो माझ्यासमोर वर आला आणि तसाच धावला. मी या डोळ्यांनी पाहिलंय." त्याने मला खुंटीवरून काढायला हात पुढे केला.

"हात लावू नका. ज्याचा त्याने काढायचा."

मुकादमाने कपाळाला हात लावला. तो खोटे बोलत नव्हता. मेहुणा खाली आहे, हे त्याला माहीतच नव्हते. मी मात्र आतल्या आत ओरडत होतो. एक गेला, पण दुसरा?

एवढ्यात लाँड्रीवाला तणतणत आला. त्याच्या तळघरात घाण पाणी शिरले होते आणि लोकांचे धुतलेले कपडे त्यात तरंगत होते. वरच्या साहेबांचा फोन आला. आत्याने ऐकून घेतला आणि ठेवून दिला. मग ती लाँड्रीवाल्याला म्हणाली, "तुमच्याकडे स्कूटर आहे ना? मग इथे घसा फोडण्यापेक्षा त्या सत्तावीसला उचलून आणा. तो आला की लगेच उघडते."

पाऊण तास गेला. पाणी चढत होते, मुकादम येरझाऱ्या घालत होता आणि आत्या चाकाला पाठ लावून उभी होती. तिच्या बाजूने त्या खोलीत कोणी नव्हते. मी होतो, पण तिला ते काय ठाऊक!

स्कूटर थांबली. शिडी उडी मारून आत आला आणि पहिले वाक्य बोलला, "माझा मेहुणा वर आला ना?"

शिडी उत्तराची वाट न पाहता खाली उतरला.

पंधरा मिनिटांनी दोघे वर आले. मेहुणा एका आडव्या फाट्यात घट्ट झालेले तेल खरवडत बसला होता. "जेवायची सुट्टी झाली का?" त्याने विचारले. आत्याने आधी शिडीच्या एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग त्याच्या लेकीचा हात कसा आहे ते विचारले. "बरा आहे," एवढे म्हणून तो रडू लागला. मग त्याने मला खुंटीवरून काढले.

पुढे आत्याला खुलासा मागणारे पत्र आले. तिने एकच ओळ लिहिली, "खुंटी रिकामी नव्हती." मेहुण्याची नोकरी जाऊ नये म्हणून तिने त्याचे नाव लिहिले नाही, आणि मुकादमही गप्प राहिला. तिने हे बरोबर केले की चूक, मला अजून ठरवता आलेले नाही. कारण खात्याच्या कागदावर एवढेच उरले की एका हट्टी बाईने एका पितळी बिल्ल्यापायी लोकांची तळघरे बुडवली. तिची बढती थांबली आणि नियमाचे हसे झाले.

वर्षे गेली. आत्या निवृत्त झाली. पाण्याच्या जोरावर गटार साफ करणारी यंत्रे आली आणि भिंतीवर नवा रंग आला. त्याखाली नियम गेले. शिडीचा शेवटचा दिवस आला तेव्हा त्याला सांगितले होते, बिल्ला भांडारात जमा करा. पण सवय कुठे जाते! त्याने मला खुंटीवर अडकवले, क्षणभर हात ठेवला आणि तो घरी गेला. लेकीच्या पाटीवर मी पुन्हा कधी गेलो नाही.

मित्रांनो, तेल आणि चिंध्या गटारात टाकू नका, कारण ते काढायला कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी मामा खाली उतरतो. आणि एखादा नियम वेडगळ वाटला, तर तो पुसण्याआधी त्याने कुणाला वाचवले होते ते शोधा.

शिडी गेला त्याच दुपारी चाकावरचा नवा माणूस आला. फळीवर मी लटकत होतो, एकटा, त्याच्या डोळ्यांसमोर. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही आणि चाक उलटे फिरवले. खालून पाण्याचा लोट गेला आणि मी खुंटीवर हादरत राहिलो. खाली कोणी नव्हते, हे मला ठाऊक होते. त्याला ठाऊक नव्हते.