पावावरची वाफ

पेंटरने आयुष्यात एक गोष्ट कधी केली नव्हती, ती म्हणजे रिकामी जागा सोडणं. दुकानाची पाटी रंगवायला घेतली की आधी आभाळ, आभाळावर डोंगर, डोंगरापुढे झाड, झाडापुढे दुकानदार जे काही विकत असेल ते, आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात लांब, वळणदार शेपटाची सही. न्हाव्याच्या पाटीवरसुद्धा त्याने डोंगर काढले होते. न्हावी म्हणाला, "डोंगर कशाला?" पेंटर म्हणाला, "मग तिथे काय ठेवू, टक्कल?"

पण समोरच्या गाळ्यात छपाईचं मशीन आलं आणि त्यातून पाट्या सुळकन बाहेर पडायला लागल्या. एकेक करून पेंटरच्या पाट्या उतरल्या, त्यांच्याबरोबर सह्याही उतरल्या. बायकोच्या शिवणाच्या दुकानावरची पाटी तेवढी राहिली, आणि त्या पाटीखाली पेंटर येऊन बसायला लागला. आता बसायचं तर माणसाने गप्प बसावं. हा गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायचा, बटणांचा डबा ढवळायचा, बायकोने बेतलेल्या कापडावर मत द्यायचा. टेलरबाई मेटाकुटीला आल्या. म्हणून भरतकामाचं मशीन घेतल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर संगणकाचं काम नवऱ्याच्या गळ्यात मारलं.

काम असं होतं: कागदावरचं चित्र संगणकात घ्यायचं, त्यातला एकेक आकार माउसने गिरवायचा आणि मशीनला सांगायचं, इथे कुठला टाका, कुठल्या दिशेने, आधी काय आणि मग काय. मशीन मोठं आज्ञाधारक. चूक सांगितली तर चूकही मन लावून शिवतं.

पहिलं गिऱ्हाईक बेकरीवाला. त्याला नव्या बिस्किटी रंगाच्या ॲप्रनांवर, छातीशी, एक पाव हवा होता. "संध्याकाळी नमुना बघायला येतो," तो म्हणाला. "नाहीच जमलं तर समोरून छापून घेईन, त्यात काय."

त्यात काय, हे पेंटरला विचारा. इथेही समोरचा जिंकला तर आपण उरलो ते बटणं ढवळण्यापुरते, असं त्याच्या मनात आलं. तो बाह्या सरसावून संगणकापुढे बसला. त्याने आभाळ गिरवलं. टेबल गिरवलं, टेबलावर सावली, सावलीवर बशी, बशीत पाव, पावावर वाफ आणि कोपऱ्यात सही. सगळं टाक्यांनी गच्च भरलं. पडद्यावर चित्र असं दिसत होतं की पेंटरलाच भूक लागली.

टेलरबाईंनी ॲप्रनच्याच कापडाचा तुकडा रिंगेत ताणून बसवला आणि मशीन सुरू केलं. आभाळ झालं. आभाळावर टेबल चढलं, टेबलावर सावली, सावलीवर बशी. पावाची पाळी आली तशी मशीनचा आवाज जड झाला, आणि खट्‌कन सुई मोडली. तुकडा उडून बटणांच्या डब्यात पडला.

बाईंनी रिंग काढली आणि चित्रावर बोटाने ठकठक केलं. दारावर वाजवावं तसं वाजलं.

"अहो, बेकरीवाला हे घालून पाव भाजणार आहे की लढाईला जाणार आहे?"

पेंटरचं तोंड एवढंसं झालं. तरी त्याने जड मनाने आभाळ काढलं, टेबल काढलं, सावलीवर पाणी सोडलं. दुसऱ्या खेपेला सुई टिकली. पण चित्राभोवती कापड चुरगळून गोळा झालं होतं, आणि कोपऱ्यात काळं काहीतरी चिकटलं होतं.

"ही मेलेली माशी कुठून आली?" बाईंनी विचारलं.

"सही आहे माझी," पेंटर म्हणाला.

बाई हसणार होत्या, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. "एवढी बारीक अक्षरं धाग्यात बसत नाहीत हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि एक सांगू? रंगावर रंग चढवला की खालचा लपतो. धाग्यावर धागा चढवला की खालचा तिथेच ठाण मांडून बसतो."

"म्हणजे मी रिकामं सोडायचं?"

"थोडं कापडाला पण काम करू द्या."

पेंटर फुगून बसला. फसलेला तुकडा मांडीवर घेऊन तो कितीतरी वेळ त्याच्याकडे नुसता बघत होता. टाक्यांचा पाव कसा, ओल्या मातीच्या ढेकळासारखा. आणि बाजूचं कोरं कापड, बिस्किटी, मऊ, भाजल्यासारखं. पेंटर सावरून बसला. पावाचा रंग कापडालाच होता की. आपण सकाळपासून पावावर पाव थापत होतो.

त्याने भरलेला पाव पुसून टाकला. बशी पुसली. उरली ती वरच्या खरपूस कडेची तपकिरी रेघ, तळाशी हलकी सावली आणि वर वाफेच्या तीन रेघा. सही पुसताना त्याला फार वाईट वाटलं, पण त्याने ती पुसली. मग वाफेची तिसरी रेघ खोडून पुन्हा काढली.

या वेळी मशीन गुणगुणत चाललं आणि लगेच थांबलंही. कापड जसं सपाट होतं तसंच राहिलं. बेकरीवाला आला, नमुना हातात घेतला आणि नकळत नाकाशी नेला. "आत्ता भट्टीतून काढलाय," तो म्हणाला. "सगळ्या ॲप्रनांवर हाच टाका. वाफ तर झकास आहे." ॲप्रनांचा गठ्ठा ठेवून तो गेला, आणि पेंटरचा जीव भांड्यात पडला.

टेलरबाई मात्र नमुना उजेडात धरून बघत राहिल्या.

"दोन रेघा सरळ वर गेल्यात," त्या म्हणाल्या. "तिसरी खाली उतरून उजवीकडे वळसा का घेते?"

"वारा असेल," पेंटर म्हणाला आणि बटणांच्या डब्याकडे वळला.

"बेकरीत?"

पेंटरचे कान लाल झाले.

"दुकानाला कुलूप लावताना रोज मान वर करून बघते मी आपली पाटी," बाई म्हणाल्या. "त्या सहीचं शेपूट मला झोपेतसुद्धा ओळखू येईल."

"पुसतो मग."

बाईंनी पहिला ॲप्रन रिंगेत घातला आणि कापड नीट ताणलं.

"खबरदार पुसलंत तर. सगळ्या ॲप्रनांवर वारा तिकडूनच येऊ द्या."