पत्र्याखालचं वॉटर कूलिंग

पारदर्शक नळीच्या वळणावर आतून पांढरा थर बसला होता, नखाएवढा जाड. लुंबिनीने नळीला बोट लावून पाहिलं. कॉम्प्युटर बंद पडला होता तरी ती अजून गरम होती.

"कूलिंगसोबत आलेलं कंपनीचं पाणी कमी पडलं, म्हणून बोअरचं टाकलं," आनंदराज म्हणाला. "गाळून टाकलं ना."

"गाळून क्षार जात नसतो."

"हाव, मॅडम. आता नवऱ्याचा बी तास घ्या."

अहमदपुरातल्या या पत्र्याच्या खोलीत तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा. ग्राफिक्स कार्ड तापतं म्हणून त्याने हे महागडं वॉटर कूलिंग बसवलं. पाणी उष्णता गिळत नाही, कार्डातून काढून याच खोलीत सोडतं, हे तिने तेव्हाच सांगितलं होतं. त्यापेक्षा पत्र्याखाली छत करून घ्या म्हणाली होती. पण त्याला मित्रांना दाखवायला नळ्यांतला निळा उजेड हवा होता.

नांदेडच्या कॉलेजाने तिला शिकवायला आता दुसऱ्यांदा बोलावलं होतं. पहिल्यांदा ती त्याच्या शब्दावर थांबली होती: मशीनचं बस्तान बसू दे, मग दोघं जाऊ.

"याच्याहून मोठं कूलिंग बघून राहिलो," मोबाइलवर बोट फिरवत तो म्हणाला. "ते लागलं की जाऊच नांदेडला."

"मी सोमवारी रुजू होतेय," लुंबिनी म्हणाली. "एकटी."