गयासुद्दीनचाचांची लाल पट्टी

मित्रांनो, अमरावतीच्या एका रंगाऱ्याच्या दुकानात खुंटीला टांगलेला हा काळा रबरी माणूस पाहून दचकू नका. मी एक जुना स्कूबा पोशाख आहे. समुद्राच्या तळाशी जाणारी माणसं मला अंगात घालतात. माझ्या गुडघ्यांना ठिगळं आहेत, पण मिजास अजून गेलेली नाही.

मी भातकुलीच्या प्रणालीच्या वाट्याला आलो. कपाशीच्या वावरात वाढलेली ही मुलगी मालवणला समुद्राखालची प्रवाळं मोजायचं काम करते. रश्मी तिची जोडीदार. पाण्याखाली दोघींनी एकमेकींना नजरेआड होऊ द्यायचं नाही, कारण एकीची हवा बंद पडली तर दुसरीच्याच नळीतून श्वास घ्यायचा असतो.

पण गढूळ पाण्यात आम्ही सगळेच काळेकुट्ट. एकदा रश्मी भलत्याच पाणबुड्याच्या मागे निघून गेली. मग काही पाणबुड्यांनी आपल्या पोशाखांवर स्प्रेचा रंग मारला. महिनाभरात त्याचे पोपडे सुटले आणि एका माशाने त्यातला तुकडा खाऊ समजून गिळला. ते पाहून प्रणालीला फार वाईट वाटलं.

दिवाळीला घरी आल्यावर ती मला घेऊन थेट गयासुद्दीनचाचांकडे आली. तिच्या घरची लुगडी वर्षानुवर्षं हेच रंगवत आलेले.

"बेटी, रबराले रंग धरतच नाई," चाचा मला चिमटा काढत म्हणाले. "वरून फासला त पोपडे निघतीनच. कापडाची पट्टी कर आन दंडाले बांध."

त्यांनी सुती पट्टी मंजिष्ठेच्या मुळांत उकळली. नवरीच्या शालूसारखा लालभडक रंग उतरला. आता चाचांची एक रीत आहे. रंग पक्का आहे असं ते तोंडाने सांगत नाहीत. रंगवलेल्या कापडात कापसाचा बोळा गुंडाळून पाण्यात ठेवतात आणि बोळा पांढरा राहिला तरच माल देतात. या वेळी त्यांनी पाण्यात मूठभर मीठही टाकलं. तीन दिवसांनी बोळा पांढराशुभ्र निघाला. चाचांनी तो गल्लीभर दाखवला. त्यांच्या बायकोने, खातूनचाचींनी, पट्टीला बंद शिवून दिले. मीही नवरदेवासारखा फुगलो होतो.

समुद्रात मात्र आमची फजिती झाली. खोल जाऊ तशी पट्टी विटकरी झाली, मग तपकिरी, मग माझ्याइतकीच काळी. लाल उजेड तेवढ्या खोल पोचतच नाही, हे समुद्र न पाहिलेल्या चाचांना कुठून ठाऊक असणार? प्रणालीच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. रश्मी पुन्हा चुकली. दोन मिनिटं प्रणाली एकटी होती आणि तिच्या छातीची धडधड माझ्या अंगभर ऐकू येत होती.

चाचांना हे कसं सांगायचं?  दोन दिवसांनी तिने फोन केला.

"चाचा, रंग सुटला नाई. पर खाली काळा दिसते."

चाचांनी विचारलं,

"वर आल्यावर परत लाल झाला ना?"

"झाला ना, चाचा."

"मंग रंग चांगला हाये. मीच चुकलो. थांब, आता खाली कोणता दिसते थे पाहू."

त्यांनी सहा रंगांच्या चिंध्या पाठवल्या. प्रणालीने त्या तळाशी नेऊन पाहिल्या. डाळिंबाच्या सालीचा पिवळा सगळ्यांत उठून दिसला. चाचांनी त्याच रंगाची पट्टी पाठवली आणि ती माझ्या दुसऱ्या दंडावर बसली.

पुढच्या हिवाळ्यात एके सकाळी तळाशी तिच्या नळीतून हवा येईनाशी झाली. पाणी गढूळ होतं. प्रणालीने हात हलवला आणि रश्मी सरळ त्या पिवळ्या पट्टीकडे आली. तिने आपली दुसरी नळी प्रणालीच्या तोंडात दिली. तिचा तो पहिला श्वास मी जन्मभर विसरणार नाही.

आता मी फाटलो, म्हणून प्रणालीने मला चाचांकडे आणून ठेवलं. पिवळी पट्टी तिच्या नव्या पोशाखावर गेली. माझ्या दंडावर लालच आहे. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा चाचा लपवत नाहीत. "हे माही चूक हाये," म्हणतात, आणि पट्टीवरची धूळ हलकेच झटकतात.

मित्रांनो, वस्तू जरूर सजवा. पण तिचा रंग सुटून कुणाच्या पोटात जाईल, हे आधी विचारा. आणि ती जिथे जाणार आहे तिथे ती कशी दिसते, हे तिथल्या माणसाला विचारून घ्या. चाचांनी विचारलं, म्हणून माझी प्रणाली वर आली.