थॉर्सनची थॉमसन

बातमीत कुणाचं नाव चुकलं की माझ्या वर्गात थेट शून्य. केन्ड्रिकने अशी शून्यं ढिगाने खाल्ली. आता तोच नेब्रास्कातल्या आमच्या पत्रकारिता विभागाचा प्रमुख झालाय, आणि नामवंतांच्या भिंतीवर माझ्या नावाची पितळी पाटी त्यानेच लावून घेतली.

पडदा सरकला, टाळ्या पडल्या. पाटीवर कोरलं होतं, 'प्राध्यापिका लॉर्ना थॉमसन'.

"अरे गाढवा, मी थॉर्सन!"

"जाऊ द्या ना, मॅडम," तो हसून म्हणाला. "इथं वाचतंय कोण?"

मी वळून पाहिलं. माझेच जुने विद्यार्थी, मोठमोठे संपादक, पाटीशी उभे राहून हसत हसत फोटो काढून घेत होते. चूक एकालाही दिसली नव्हती.

केन्ड्रिकने आयुष्यात पहिल्यांदाच बिनचूक बातमी दिली होती.